दोन बोटं मोठं

नवीन पनवेल,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. नीतास,
अ. उ. आ.

तुझा फराळाचा डबा मिळाला. कुरियरवाल्याने चकल्यांचा चिवडा करून आणला होता. तो मी आणि रेवाने चमच्याने संपवला. हे तुला फोनवर सांगता आलं असतं, पण फोन उचललास की तुझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं, मग तू ते काढून ठेवतेस, मग मी ओरडतो आणि समोरच्या फ्लॅटचं दार उघडतं. त्यापेक्षा मिरजेला पत्र पोचायला आठवडा लागला तरी चालेल. अण्णा म्हणायचेच, की महत्त्वाचं ते लिहावं. आपण बहीणभाऊ बिनमहत्त्वाचंही लिहितो, एवढाच फरक.

बातमी अशी, की सदुसष्टाव्या वर्षी मी सायकल घेतली. गुडघ्यांसाठी चालणं कमी करा आणि सायकल मारा, असं डॉक्टर म्हणाले. रेवाला नऊ पूर्ण झाल्याबद्दल अपूर्वने लेकीला सायकल घेतली होती, तेव्हा नातीला सोबत आणि आजोबांना व्यायाम. सकाळी साडेसहाला आम्ही निघतो, विचुंब्याच्या बाजूने एक मोठा फेरा मारतो आणि आठच्या आत घरी. सगळं सुखाने चाललं होतं, पण आमच्या सूनबाईंनी कायदा केला. मिताली म्हणाली, की हेल्मेट घातल्याशिवाय दोघांपैकी कोणीही सोसायटीच्या फाटकाबाहेर पडायचं नाही.

आता तूच सांग. तळोज्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी सुरक्षा अधिकारी होतो. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या डोक्यांवर पहारा केला, स्वतःच्या डोक्यावर पिवळं टोपलं वाहिलं. आता या डोक्यावर जे चार केस उरलेत त्यांना तरी वारा लागू दे, असं मी म्हटलं. तुझी वहिनी म्हणाली, की केस नसले तरी आत काही असेल तर जपलेलं बरं. घरात माझी बाजू घेणारं कोणी नाही.

शेवटी जुन्या पनवेलात दीपेश नावाच्या माणसाच्या सायकलच्या दुकानात आमची वरात गेली. त्याने शिंप्यासारखी टेप काढली, भुवयांच्या जरा वरून आणि मागच्या फुगवट्यावरून गोल फिरवली. माझं डोकं सत्तावन्न सेंटीमीटर निघालं, रेवाचं बावन्न. त्याने दोघांपुढे आपापल्या मापाची हेल्मेटं ठेवली. मला अण्णा आठवले. कपडा असो, चप्पल असो, दोन बोटं मोठं घ्यायचं. अंग वाढतं, कापड आटतं, आणि सैल घालून कोणी मेलेलं नाही. मी माझ्यासाठी लार्ज घेतलं आणि रेवासाठी मोठ्या मुलांचं, छप्पन्नचं, दहावीपर्यंत पुरेल असं. दीपेश म्हणाला, की काका, हे डोकं आहे, शाळेचा गणवेश नाही. मी त्याला म्हटलं, की बाबा रे, मी जेवढी हेल्मेटं वाटलीत तेवढी तू अजून पाहिलीही नसशील.

रेवाच्या हेल्मेटात आता हातरुमालाची घडी घालतो, मग ते बसतं. माझं डोळ्यांवर येतं म्हणून मी ते हँडलला लटकवतो. सोबत असलं म्हणजे झालं. आणि खरं सांगू का, हेल्मेटने काय होतं आणि काय होत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

तू कानातलं यंत्र डब्यात ठेवतेस, मी हेल्मेट हँडलला ठेवतो. आपलं बरं चाललंय. आशीर्वाद आहेतच, लोभ मात्र तुझ्याकडून हवा.

तुझा,
दादा

*

मिरज,
२१ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं आणि मग राग आला, तेव्हा दोन्ही या एकाच पत्रात सोसून घे.

अण्णांच्या दोन बोटांचं मला सांगतोस? चौथीत त्यांनी मला कॅनव्हासचे पांढरे बूट आणले होते. पुढच्या टोकाला वर्तमानपत्राचे बोळे कोंबून मी स्नेहसंमेलनाच्या शर्यतीत धावले. मी दुसरी आले आणि माझा डावा बूट शेवटचा आला. सगळी शाळा हसली आणि अण्णा म्हणाले, की बूट सातवीपर्यंत पुरतील. सातवीत ते मला घट्ट होत होते, हेही खरं. पण दादा, डोकं सातवीपर्यंत पुरवायचं नसतं. तू रेवाचं हेल्मेट बदलून घे. रुमालाची घडी हा काही सुरक्षा अधिकाऱ्याचा तोडगा नव्हे. मी छत्तीस वर्षं गणित शिकवलं. बावन्नाच्या डोक्यावर छप्पन्नचं टोपण बसवून वर रुमालाने हातचा घेणाऱ्या मुलाला मी बाकावर उभं केलं असतं.

आणि तुझं हँडलला लटकवणं तर कहर आहे. रेवाने तुला अजून विचारलं नाही का, की आजोबा, मीही लटकवू का? नसेल विचारलं, तर विचारेल. मुलं आपण सांगतो ते ऐकत नाहीत, आपण करतो ते बघतात.

आता खरं कारण लिहिते. तुझ्या पत्राच्या शेवटाकडचं एक वाक्य मी दोनदा वाचलं. हेल्मेटने काय होत नाही, हे डोळ्यांनी पाहिलंस म्हणतोस. अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात तू न कळवता मिरजेला आला होतास. चार दिवस आमच्या झोपाळ्यावर बसून होतास. हापूस चिरून पुढे ठेवला तर त्यालाही हात लावला नाहीस. कारखान्यात काशिराम नावाचा माणूस पडला, एवढंच सांगितलंस. मी तेव्हा विचारलं नाही, कारण तू माझा मोठा भाऊ होतास आणि विचारायची सवय नव्हती. आता मी एकसष्ट वर्षांची आहे. काशिरामचं पुढे काय झालं?

माझ्या कानांबद्दल बोलू नकोस. यंत्र दुखतं. ह्यांचा तुला नमस्कार. वहिनींना सांग, की त्यांचं केसांवरचं वाक्य मी कपाटाच्या दाराला चिकटवलं आहे.

माझ्यावर राग धर, पण लोभाला सुट्टी देऊ नकोस.

तुझी,
नीता

*

नवीन पनवेल,
३ डिसेंबर २०२४

चि. सौ. नीतास,
अ. उ. आ.

बाकावर उभं राहून हे पत्र लिहितो आहे असं समज.

गेल्या रविवारी मी आणि रेवा इथल्या सायकलवाल्यांच्या गटाबरोबर गेलो. सुकापूर, नेरे आणि पुढे गाढेश्वराच्या रस्त्याला. मंडळी बघण्यासारखी असतात. अंगाला चिकटलेले रंगीबेरंगी कपडे, डोळ्यांना काळे चष्मे, डोक्यावर भोकांभोकांची हेल्मेटं. बँकेतला मॅनेजर, दातांचा डॉक्टर, विम्याचा एजंट, सगळे परग्रहावरून आल्यासारखे दिसतात आणि नेऱ्याच्या टपरीवर उतरले की मिसळीत एक्स्ट्रा तर्री मागतात. मी पँट-शर्टात होतो. माझं हेल्मेट हँडलवर पाहून दातांचा डॉक्टर म्हणाला, की काका, पडताना हँडलवर डोकं आपटणार असाल तर ठीक आहे. सगळे हसले. मीही हसलो. रेवा हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

तू म्हणालीस तसंच झालं. परवा तिने विचारलं, की मीही लटकवू का. मी तिला म्हटलं, की तू लहान आहेस. हे उत्तर तिला पटलं नाही आणि मलाही पटलं नाही.

काशिराम ठीक आहे. उरणजवळ करंजाचा, कोळ्याचा मुलगा. नोकरी चांगली म्हणून आमच्याकडे फिटर झाला होता. बारा फुटांवरून पडला, डोक्याला मार लागला, तीन महिने दवाखान्यात होता आणि मग गावी गेला. जीव वाचला. त्याने हनुवटीचा पट्टा बांधला नव्हता. चौकशीत तसंच निघालं. त्यानंतर दर मार्चच्या सुरक्षा सप्ताहात माझं भाषण असायचं: काशिरामसारखं करू नका, पट्टा बांधा. मुख्य कार्यालयातून माणसं ते ऐकायला यायची. निवृत्तीच्या दिवशी मला जी शाल दिली ती त्या भाषणामुळेच, असं साहेब म्हणाले. असो. जुन्या गोष्टी आहेत.

रेवाच्या हेल्मेटात रुमालाऐवजी आता छोटा टॉवेल घालतो. जास्त चांगलं बसतं. परत न्यायला दुकान लांब पडतं आणि दीपेशसमोर उभं राहायचं म्हणजे जिवावर येतं.

थंडी इथे नावालाच आहे. तिकडे असेल, तर कानांवर मफलर घे; यंत्र तर घालत नाहीसच.

तुझ्या रागातही लोभ असतो हे मला माहीत आहे.

तुझा,
दादा

*

मिरज,
११ डिसेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीन पानांचं आहे. दोन पानं मिसळीवर आणि डॉक्टरवर आहेत. काशिरामवर सहा-सात ओळी. त्या ओळींत तुझं अक्षर इतकं नीटनेटकं आहे, की ते पत्र नसून अहवाल वाटतो. पेपर तपासताना मला हे लगेच कळायचं. ज्या मुलाने उत्तर पाठ केलेलं असतं, त्याचं त्या उत्तराचंच अक्षर सुधारतं.

मी तुला एक गोष्ट सांगते, जी मी कोणाला सांगितलेली नाही, ह्यांनाही नाही. त्या मे महिन्यात शेवटच्या दिवशी मी झोपाळ्यापाशी तुला चहा द्यायला आले. तू मला बघितलं नाहीस. तू स्वतःशीच म्हणालास, की बक्कल मी उघडलं. मला वाटलं, तू झोपेत आहेस. चहा ठेवला आणि मी आत गेले. पट्टा बांधलेलाच नव्हता, तर दादा, तू कुठलं बक्कल उघडलंस?

उत्तर द्यायलाच हवं असं नाही. पण मला माहीत आहे, हे तू जाणून अस.

माझंही एक कबूल करते, म्हणजे तुला एकट्याला बाकावर उभं राहावं लागणार नाही. परवा गॅसवर दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि गॅस सुटलेला मला ऐकू आला नाही. ह्यांना वास आला म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने कानांच्या डॉक्टरकडे गेले. त्या बाईने यंत्र बघितलं आणि विचारलं, की ही रबराची टोपी मोठी कोणी निवडली. यंत्राबरोबर तीन मापांच्या टोप्या होत्या. मी सगळ्यांत मोठी लावली होती, म्हणजे पडणार नाही म्हणून. मोठी टोपी कानात पूर्ण जात नाही, म्हणून दुखतं आणि म्हणूनच शिट्टी वाजते. दीड वर्ष मी सगळ्या जगाला हळू बोलतात म्हणून दोष दिला. अण्णांची दोन बोटं माझ्याही कानात होती.

लहान टोपी लावली आहे. काल मला आपल्या पंख्याचा आवाज ऐकू आला. तो आवाज करतो हे मला माहीतच नव्हतं.

रेवाचं हेल्मेट बदल. विनंती नाही, सांगते आहे. लोभ कमी झाला म्हणून नव्हे, तो आहे म्हणून.

तुझी,
नीता

*

नवीन पनवेल,
२७ डिसेंबर २०२४

चि. सौ. नीतास,
अ. उ. आ.

आधी हे वाच: रेवा ठीक आहे. आता पुढचं लिहितो.

नाताळच्या दिवशी सकाळी विचुंब्याच्या वळणावर बांधकामाची खडी सांडली होती. रेवा माझ्या पुढे होती. चाक घसरलं आणि ती पुढच्या बाजूला पडली. मी पोचलो तेव्हा हेल्मेट तिच्या मानेवर मागे लोंबत होतं, टॉवेल रस्त्यात पडला होता आणि कपाळातून रक्त येत होतं. हनुवटीचा पट्टा बांधलेला होता. बक्कल घट्ट लागलेलं होतं. जखम दिसावी आणि तिला श्वास घेता यावा म्हणून मी ते उघडलं आणि हेल्मेट बाजूला ठेवलं.

कपाळाला चार टाके पडले. डोक्याचा फोटो काढला, आत काही नाही. मिताली दवाखान्यात धावत आली आणि तिने पहिलं काय विचारलं असेल, तर पट्टा बांधला होतास का. रेवा रडत म्हणाली, बांधला होता. मितालीच्या हातात ते हेल्मेट होतं, पट्टा उघडा लोंबत होता. ती म्हणाली, की खोटं बोलू नकोस, बांधला असता तर असं झालंच नसतं. रेवा माझ्याकडे बघू लागली.

नीता, मी गप्प राहिलो.

दोन तास गप्प राहिलो. दुपारी रेवा जेवेना, कोणाशी बोलेना, तेव्हा मी मितालीसमोर उभा राहिलो आणि सांगितलं, की पट्टा तिने बांधला होता, बक्कल मी उघडलं, आणि हेल्मेट मोठं मी घेतलं. मितालीने फक्त आत जाऊन रेवाची माफी मागितली.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्ये कारखान्यासाठी नवीन हेल्मेटं मागवायची होती. लहान, मध्यम, मोठं, प्रत्येकाचं माप घेऊन संख्या लिहायची, असं पत्रक होतं. मी सगळी मोठी मागवली. मोठं कोणालाही बसतं, लहान फक्त लहान डोक्याला. मला वाटलं, मी हुशारी केली. अण्णांना आवडलं असतं.

काशिरामचं डोकं लहान होतं. तो पडला तेव्हा मी वीस पावलांवर होतो. तो एका बाजूला पडला होता आणि हेल्मेट त्याच्यापासून लांब. रिकामं, आणि पट्टा बांधलेला. बक्कल लागलेलं. त्या हेल्मेटवर एक ओरखडा नव्हता. मी ते उचललं. लोक पळत येत होते. मला एवढंच कळलं, की बक्कल लागलेलं दिसलं तर पुढचा प्रश्न हेल्मेट सैल का होतं हा येणार. मी ते उघडलं. पाच सेकंदांचंही काम नव्हतं. मग सगळ्यांनी आपापल्या डोळ्यांनी पाहिलं, की काशिरामने पट्टा बांधला नव्हता.

आणि मग मी पंधरा वर्षं त्याचं नाव घेऊन भाषणं केली. शाल कपाटात आहे. आज काढून बघितली.

रेवाला खरं मिळायला दोन तास लागले. काशिरामला सव्वीस वर्षं झाली. मी काय करू, ते लिही. तुझा लोभ मागायची या पत्रात माझी छाती नाही.

तुझा,
दादा

*

मिरज,
३ जानेवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काय करू म्हणून मला कशाला विचारतोस? तुला माहीत आहे. तू मला विचारलंस ते मी नको म्हणेन या आशेने. मी नको म्हणत नाही.

करंजाला जा. संक्रांत आहे, तिळगूळ घेऊन जा. रिकाम्या हाताने माणूस लवकर परत फिरतो. सायकलने जाऊ नकोस, रस्त्याला कंटेनर आहेत, एसटीने जा. त्याआधी दीपेशकडे जाऊन दोन्ही हेल्मेटं मापाची आण. आणि तुझं हेल्मेट बरोबर घेऊन जा. का, ते मला नीट सांगता येणार नाही. काशिरामला दिसू दे, एवढंच.

त्याने माफ केलं तर मला येऊन मोठेपणाने सांगू नकोस आणि नाही केलं तर रडू नकोस. त्यासाठी तू जात नाहीयेस. त्याची एक वस्तू तुझ्याकडे आहे, ती द्यायला जातो आहेस.

मी तुझ्यावर चिडले आहे. फार चिडले आहे. आणि कालपासून तुझं पत्र उशीखाली आहे.

मला आता फोनवर ऐकू येतं, शिट्टी वाजत नाही. रेवाला फोन दे, तिच्याशी बोलायचं आहे. पण करंजाचं मात्र लिहूनच कळव. ते मला वाचायचं आहे.

लोभ मागायची छाती नाही म्हणालास. मागायचा नसतो तो. आहे.

तुझी,
नीता

*

नवीन पनवेल,
१६ जानेवारी २०२५

चि. सौ. नीतास,
अ. उ. आ.

जाऊन आलो.

आधी दीपेशचं सांगतो. वापरलेली हेल्मेटं तो परत घेत नाही. त्याने जुन्या दोन्हींचे पट्टे कात्रीने कापून टाकले, म्हणजे कोणी उचलून घालणार नाही. मग रेवाच्या डोक्यावर बावन्नाचं बसवलं. तिच्या टाक्यांवरून हात फिरवला आणि दाखवलं, की हेल्मेटची कड भुवईच्या वर दोन बोटं असली पाहिजे, मागे कलंडलेलं नको, पट्ट्याचे दोन फाटे कानाखाली एकत्र आले पाहिजेत. मान हलवली की हेल्मेटने मानेबरोबर हललं पाहिजे, स्वतंत्र नाही. दोन बोटं शेवटी भुवईच्या कामाची निघाली. माझं मध्यम घेतलं.

संक्रांतीला उरणची एसटी धरली, तिथून रिक्षाने करंजाला. काशिरामचं घर शोधावं लागलं नाही. रिक्षावाल्याने नाव ऐकताच हनुवटीखालचा नसलेला पट्टा चाचपला, आणि त्याला मोटारसायकल चालवायचीही नव्हती. तो म्हणाला, की आमच्या गावात हेल्मेटचा पट्टा न बांधता कोणी काशिरामदादाच्या दारावरून जाऊ शकत नाही. दादा रस्त्यात आडवा होतो आणि म्हणतो, की माझ्यासारखी चूक करू नका. मला रिक्षातून उतरावंसं वाटेना.

ओट्यावर बसून तो जाळं दुरुस्त करत होता. चक्कर येते म्हणून होडीवर जात नाही. केस पांढरे झालेत. मला पाहून उठला, साहेब म्हणाला, पाट दिला. त्याचा वास गेला आहे, नीता. त्या दिवसापासून त्याला कशाचाच वास येत नाही. कोळ्याच्या घरात मासळी ताजी की शिळी हे त्याला कळत नाही; ते सगळं रंभा बघते, त्याची बायको. उरणच्या बाजारात ती मासळी विकते. त्याने हे हसत सांगितलं. म्हणाला, की साहेब, चूक माझीच होती, पडल्याचा तर मला काय पण आठवत नाय, पण तुमच्या चौकशीत निघाला ना, पट्टा नवता बांदला म्हणून. तेवापासून मी सगल्यांना सांगतो. पोरा वाचली गावची.

म्हणजे बघ. माझं भाषण ऐकायला मुख्य कार्यालयातून लोक यायचे, आणि माझ्याहून चांगला सुरक्षा अधिकारी करंजाला, माझ्याच खोट्यावर विश्वास ठेवून, बिनपगारी काम करत होता.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, तुला लिहिलं त्याच क्रमाने. मोठी हेल्मेटं, रिकामं हेल्मेट, लागलेलं बक्कल, माझा हात. तो जाळं विणायचा थांबला. मग त्याने आत हाक मारली. रंभा हात पुसत बाहेर आली. तो मला म्हणाला, की साहेब, आता हिच्यासमोर परत सांगा. पट्टा मी बांदला होता, ते सांगा. मी सांगितलं. तो म्हणाला, परत. मी परत सांगितलं. त्याचे डोळे रंभाकडे होते, माझ्याकडे नव्हते. मी बांदला होता, मी बांदला होता, असं तो तिला म्हणत राहिला.

रंभा दाराची चौकट धरून उभी होती. ती म्हणाली, की सव्वीस वरसा मी याला बोलली. पोरांसमोर बोलली, सासूसमोर बोलली, की पट्टा बांदला असतास तर हे दिस नसते आले. ते बोललेला आता मी कुठं नेऊन टाकू, ते सांगा साहेब. तिळगुळाची पिशवी मी ओट्यावर ठेवली. गोड बोला म्हणायची माझी हिंमत नव्हती. तिने ती उचलली नाही आणि टाकलीही नाही.

निघताना काशिरामने माझ्या हातातलं हेल्मेट बघितलं. म्हणाला, द्या. त्याने ते माझ्या डोक्यावर ठेवलं. पुढून सरळ केलं, कानाखालचे फाटे जुळवले, बक्कल लावलं, हनुवटीखाली एक बोट घालून बघितलं. मग दोन्ही तळव्यांनी हेल्मेट धरून डावीकडे-उजवीकडे हलवलं. माझं डोकं बरोबर हललं. ओट्याखाली उभं राहून मी बारा फुटांवरून पडलेल्या माणसाकडून तपासणी करून घेत होतो. तो म्हणाला, की मापाचा हाय. आणि थोडं थांबून म्हणाला, आमाला तवा असा नाय दिलात.

एवढंच म्हणाला. मग खाली बसून त्याने जाळं हातात घेतलं.

मी तसाच रिक्षात बसलो, उरणला एसटीत बसलो. कंडक्टरने विचारलं, की काका, सायकल टपावर टाकली का. शेजारची बाई बाळाला दाखवून हसली. जासईला गर्दी चढली, सगळे बघत होते. त्या बक्कलाला त्याचा हात लागला होता. नीता, पनवेलपर्यंत मला ते उघडता आलं नाही. घरी आल्यावर रेवाने उघडलं.

रंभाने मला परत ये म्हटलेलं नाही. तरी पुढच्या महिन्यात जाणार आहे. कारखान्यात अजून जुनी माणसं आहेत. या मार्चच्या सप्ताहात मला बोलायचं आहे असं मी त्यांना पत्र टाकलं आहे. शाल परत द्यायला घेऊन जाईन.

तुझ्याकडे तिळगूळ पाठवतो आहे. तुला गोड बोलायला सांगत नाही. बोल, एवढंच. लोभ तू आहे म्हणालीस. तो आहे असं धरून चालतो.

तुझा,
दादा